गार गादी

त्यानं माझं मनगट धरलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"सोडा! बाळ गारठलंय, दिसत नाही तुम्हाला? उघडं ठेवलंय लेकराला!"

"मुद्दामच ठेवलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "ते दुपटं बाजूला ठेवा... प्लीज."

मुद्दाम! माझ्या बहिणीचं, भाग्यलक्ष्मीचं, पहाटे जन्मलेलं बाळ ते. नाळ गळ्याला आवळली होती, जन्मल्यावर रडलंच नाही. बहीण वरच्या मजल्यावर टाक्यांनी कण्हत पडलेली, भाऊजी तिच्याजवळ, म्हणून बाळापाशी मी. आमच्या हिमायतनगरच्या घरात आईनं शेकशेगडीची तयारी करून ठेवलेली, आणि इथे हे लोक पोराला गार पाणी खेळवलेल्या गादीवर निजवतात! पाय नुसते बर्फ. वर हा पुण्याहून आलेला डॉक्टर सारंग मलाच शांत राहा म्हणतो.

"हौला आहात का तुम्ही?" मी ओरडले. आमच्याकडे खुळ्याला हौलाच म्हणतात.

"म्हणजे काय ते माहीत नाही," तो म्हणाला, "पण दोन मिनिटं ऐका. जन्मताना याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. बऱ्याच पेशी अजून जिवंत आहेत, पण हादरल्यात. आता त्या स्वतःच ठरवतात, की आपण मरायचं. तसा हुकूम पेशीच्या आतच असतो, आणि तो सुटायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात अंग तीन-चार अंश गार ठेवलं, तर बऱ्याच पेशींचा हुकूम सुटतच नाही. माणूस चिडून राजीनामा लिहायला बसतो ना? त्याला जरा थांबवलं की लिहायचं राहून जातं. तसं."

"आणि नाही राहिलं तर?"

त्यानं नजर खाली केली. "तर हे चालेल का, बोलेल का... सांगता येत नाही."

खोटं बोलायला काय झालं होतं याला? मला त्याचा इतका राग आला, की रडूसुद्धा आलं नाही.

मग गादी गार होती ते तीन दिवस मी सगळ्यांवर चिडत राहिले. लिफ्टवर, कँटीनच्या पाणचट चहावर, बाळाच्या अंगावरच्या त्या वायरींवर. तो येऊन मॉनिटर बघायचा आणि जाताना माझ्यापाशी थांबायचा.

"मनगट दुखतंय अजून?"

"दुखतंय."

"बघू?"

"नक्को!"

"हौलाचा अर्थ सिस्टरला विचारला मी."

"मग?"

"ती हसतच सुटली. सांगितलं नाही." त्याचे डोळे हसत होते, आणि मला हसायचं नव्हतं. हसू आलं म्हणून मी आणखी चिडले.

गादी हळूहळू कोमट करायला घेतली, त्या दिवशी तो आलाच नाही. दुसरीच डॉक्टर होती. बाळ तसंच, निपचित. मी दाराकडे बघून बघून थकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, बाळाच्या तळव्याला बोट लावलं, आणि बाळानं पाय झटकला. तोंड वाकडं केलं... आणि रडलं! कसलं बेसूर, कसलं खणखणीत रडलं!

"चिडलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "स्कॅन बघायचाय अजून. पण असं चिडणारं बाळ आम्हाला फार आवडतं."

मी रडत रडतच त्याच्यावर तुटून पडले. "काल कुठे होता?"

"सुट्टी होती माझी."

"सुट्टी? आणि मी दिवसभर दाराकडे बघत बसले, त्याचं काय?"

"बाळाच्या काळजीनं..."

"बाळाजवळ तर मी होतेच! तुमची वाट बघत होते. हौ, तुमची! आवडता तुम्ही मला, झालं समाधान?"

सिस्टरनं मान वळवली. त्याचे कान लालभडक झाले.

"मी फोन केला होता," तो पुटपुटला. "तीनदा. बाळाचं विचारून झालं की... तुम्ही जेवलात का, तेही विचारलं सिस्टरला."

"मग मलाच का नाही केला?"

"तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलेच असते," मी डोळे पुसत म्हणाले. "तरी करायचा."