गणोजींचा शिकंजा

सरका जवळ. कंदील बारीक करा, उगाच तेल कशाला जाळायचं. देवासच्या मालोजी लोहारांची ही हकिकत. मी त्यांच्या ओसरीवर लहानाचा मोठा झालो, त्यांच्याच तोंडून ऐकलीय.

साल एकोणीसशे आठ, कार्तिकातली सोमवती अमावास्या. दिवस मावळायला मालोजी बैलगाडीनं धारला उतरले. काम साधं होतं. एक जुना शिकंजा पारखायचा. शिकंजा म्हणजे लोखंड दाबून धरायचा दोन जबड्यांचं कमरेएवढं अवजार. दांडा फिरवला की जबडे मिटतात. तो कुणी घडवला, किती जुना, एवढं सकाळी धार संस्थानच्या कामदारसाहेबांपुढे सांगायचं. जुन्या लोखंडाच्या पारखीत मालोजींचा शब्द देवासच्या दोन्ही संस्थानांत शेवटचा असायचा.

शिकंजा सीताबाईंच्या भट्टीत होता. विधवा बाई, एक गडी हाताशी धरून भट्टी चालवायची. ती म्हणे, "हा माझ्या सासऱ्यांनी, गणोजींनी घडवला." सरकारी कारखान्याचे मुकादम दत्ताजी म्हणत, "हा विलायती, कारखान्यातून आलेला, सरकारचा." शिकंजा गेला की भट्टी गेली. बाईजवळ दुसरं काही नव्हतं.

आणि दत्ताजी म्हणजे मालोजींचे व्याही. लेक इंदू त्यांच्याच घरात दिलेली.

दत्ताजी वेशीवरच भेटले. हसून माळवी थाटात म्हणाले, "काय भिया, लोखंडाची नाडी बघता की कुंडली?" मग हळूच, "इंदू सुखात आहे हो आमच्याकडे. सुखातच राहू द्या."

सीताबाईंनी भट्टी उघडून दिली. मालोजींनी दांडा उजवीकडे फिरवला. जबडे मिटायला हवे होते, ते उघडले! मळसूत्राचे आटे उलटे होते. कानशीनं हातानं पाडलेले, एक जाड, एक बारीक. यंत्राचं काम असं नसतं. आतला गंज बोटानं खरवडून ते म्हणाले, "साठेक वर्षं झाली असतील. तुमचे सासरे डावखुरे होते का हो?"

"होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यानंच."

जबड्याच्या आतल्या अंगाला, दातांच्या खाली, ठोकलेली खूण होती. डाव्या हाताचा पंजा, नखाएवढा.

सीताबाई म्हणाल्या, "तुम्ही दत्ताजींचे व्याही, ठाऊक आहे मला. पण लोखंडाविषयी खोटं बोलणार नाही तुम्ही." वाकळ, पाण्याचा तांब्या ठेवून त्या मागल्या घरात गेल्या. गडी आणि सगळी आळी धरमपुरीला नर्मदेच्या स्नानाला गेलेली. वस्ती सुनी होती.

मालोजींना झोप कुठली. डोळ्यांपुढे इंदू. पंजा तेवढा गेला, की आटे कुणी बघायला येत नाही...

राजवाड्यावर बाराचे टोल पडले. अमावास्येला लोहार हत्यार चालवत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी उठले. चिमणी भिंतीशी ठेवली. डाव्या हाताची बोटं जबड्यात घालून खूण चाचपली. उजव्या हातात कानस घेतली.

खर्र... खर्र...

कीस खाली पडू लागला. करंगळी गेली. अंगठा गेला. तळवा गेला. शेवटचं बोट राहिलं.

चिमणी विझली.

वारा नव्हता.

अंधारात दांडा हलला. हळूच. कुणीतरी सवयीनं फिरवावा तसा.

जबडा बोटांना टेकला. मालोजींनी कानस टाकली, दांडा धरला आणि सोडवायला डावीकडे पिळला. चाळीस वर्षांची सवय! जबडा आणखी मिटला. बोटांची हाडं करकरली. पुन्हा डावीकडे. आणखी मिटला. उलटे आटे... ठाऊक होतं. पण हाताला आठवेना...

मग त्यांच्या उजव्या हातावर एक हात आला.

गरम. खरखरीत. डावा.

त्या हातानं दांडा उजवीकडे नेला. सावकाश. नवशिक्याला शिकवावं तसं.

जबडा सुटला...



सकाळी कामदारसाहेब आले. मालोजींच्या हाताला फडकं बांधलेलं. ते म्हणाले, "हा गणोजींनी घडवला. स्वतःच्या हाताला बेतून. साठ वर्षांचा आहे."

दत्ताजी उसळले. "घडवणाऱ्याची खूण दाखवा मग!"

मालोजी मान खाली घालून म्हणाले, "खूण होती. पण रात्री मी..."

तोवर सीताबाईंनी जबड्यात दिवा धरला होता.

पंजा तिथंच होता. अख्खा. पाची बोटं, कडा धारदार, जणू कालच ठोकलेला.

आणि खाली मातीत कीस पडलेला. चिमूटभर, चकचकीत.

भट्टी सीताबाईंकडे राहिली. दत्ताजींनी इंदूला पुढं तीन दिवाळ्या माहेरी धाडली नाही. मालोजींनी ते सोसलं, पण सकाळचा शब्द कधी फिरवला नाही.

निघताना त्यांनी तो कीस कागदात बांधून घेतला. डोळे मिटायच्या आधी माझ्या हाती दिला. ही बघा ती पुडी. एरवी गार असते, लोखंडच ते. आज सोमवती अमावास्या आहे.

घे रे पोरा, धर हातात...

...का रे, टाकलीस का?