हेमसिंगचं भाषण

पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यावर हेमसिंग आला तो १९५३च्या उन्हाळ्यात, खांद्याला देवीच्या लशीची पेटी लावून. तो मानोऱ्याकडच्या तांड्यातला, शिकलेला. विहिरीवर पाणी मागितलं, तर ओंजळीत पाणी ओतणाऱ्या मुलीनं ओढणीआडून विचारलं, "कायले आले? देवीशी भांडाले?"

"भांडाले नाही... लेकरं वाचवाले."

ती हसली. ती तांड्याच्या नायकाची, दौलतसिंगची मुलगी विजयमाला. त्या हसण्यानं बिचारा पाठ करून आणलेलं निम्मं भाषण तिथंच विसरला.

शेजारच्या गावात देवीची साथ होती, तीन लेकरं गेली होती. तांडा जमला. हेमसिंग घोकल्यासारखा बोलला — शंभरात किती मरतात, लस कशी तयार होते. बायांनी लेकरं जवळ ओढली. म्हातारी धनीबाई म्हणाली, "देवी घरी आली तं तिले सुई दाखवाव? पाप लागन!" दौलतसिंग उठू लागला. नायक उठला की बैठक संपली.

तेवढ्यात विजयमाला उभी राहिली... आणि तिनं ओढणी मागे सारली. चेहराभर देवीचे व्रण. वडीलधाऱ्यांसमोर उघड्या तोंडानं! उठू लागलेला दौलतसिंग परत खाली बसला.

"पाहा," ती म्हणाली. "माह्यासंगं माहा भाऊ बी निजला होता. तो उठला नाही."

मग धनीबाईजवळ बसून तिनं तिचा गोंदलेला हात धरला. "आजी, हे गोंदताना रडली असशील ना? पन मेल्यावर संगं येते म्हून सोसलं. हे बी गोंदणच हाय. लेकराच्या दंडावर देवीची खूण. एकदा येऊन गेली, मंग परत कायले येईन?"

धनीबाईनं तिच्या गालावरच्या व्रणांवरून बोट फिरवलं. मग नातवाला पुढे केलं. मागोमाग रांग लागली.

हेमसिंग थक्क झाला. त्यानं सहा महिने भाषण घोकलं होतं. विजयमाला मात्र माणसं ओळखून बोलली, आणि आधी स्वतःचंच दुःख पुढे ठेवलं. इतकी सुंदर मुलगी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी, दंडावर फोड येऊन लस धरली का ते पाहायला तो परत आला. विजयमाला दारातच होती.

"मी शिकलेला आहो... नोकरी पक्की हाय... माह्या घरी—"

"कोणाले सांगून राह्यले?"

"तुले."

"मले काहून? मी तं त्याच दिवशी मानलं." तिचे डोळे हसले. "पटवायचं माह्या बापूले हाय. आत्ताच जेवून बसला, खुशीत हाय. पयले गोत सांगजा. जा ना!"

चार पावलं जाऊन तो वळला. "अन् मंग काय बोलू?"

"मंग गप बसजा," ती म्हणाली. "मी आहो ना बोलाले."