न फुटलेलं अंडं

"हाथ मत लगाइए!"

बरुआसागरच्या तलावाकाठी सारसाच्या घरट्यावर वाकलेला तो तरुण दचकला, पाय सटकला आणि चिखलात बसता बसता त्याच्या तोंडून निघालं, "अगं आई गं…"

वसुंधरा थबकली. झाशीकडचा मराठी माणूस एरवी हिंदीच बोलायचा; ओळखू यायचा तो असाच, पडल्या-झडल्यावर. ती इथल्या शाळेत शिकवायची, रोज झाशीहून बसने यायची, आणि सारसांच्या या जोडीवर तिचा भारी जीव होता.

"मराठी आहात, आणि अंडी चोरता?"

"चोरी नाही, नोकरी आहे," चिखल झटकत तो म्हणाला. "मी दिवाकर. वडील झाशीला रेल्वेत आहेत."

मग त्याने नीट सांगितलं. खडकातलं युरेनियम पाण्यात उतरतं. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला मर्यादा ठरलेली आहे — पाखरांचं कुणी विचारलंच नव्हतं. ते तपासायला प्रयोगशाळेने त्याला पाठवलं होतं. गाळाचे नमुने घेऊन झाले, शिंपल्यांचे झाले. आता घरट्यातल्या दोन अंड्यांपैकी एक हवं होतं.

"पाखरं वाचवायला पिल्लूच मारणार?"

"मला परवानगी आहे."

"त्यांची?" तिने पलीकडे बोट केलं. लाल मानेची ती दोघं पाण्यात निश्चल उभी होती.

दिवाकरने हातातला डबा बंद केला. "ठीक आहे. थांबतो. एखादं अंडं फुटलंच नाही, तर तेवढं नेईन. दोन्ही फुटली तर नुसती कवचं."

प्रयोगशाळेतले साहेब फोनवर खूप बोलले. हात हलवत आलास तर काम दुसऱ्याला देईन म्हणाले. दिवाकर थांबला तो थांबलाच. श्रावणाच्या भुरभुरीत शाळा सुटली की वसुंधरा काठावर येई, डब्यातली पोळी त्याच्यापुढे करी.

"एवढं टक लावून काय बघता?"

"घरटं."

"घरटं तिकडे आहे, दिवाकर जी…"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. वसुंधरा हसली खरी, पण मनात धस्स झालं. अंडी फुटली की हा जाणार. फुटू नयेत लवकर, असं तिला वाटून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

एक फुटलं. दुसरं नाही. सारस पिल्लाला घेऊन शेतात उतरले, तेव्हा ते गार पडलेलं अंडं तिनेच उचलून त्याच्या हातात दिलं.

"विषाने गेलं का हो?"

"तपासल्याशिवाय बोलणार नाही. तुम्हाला खोटा धीर नाही देणार."

तो गेला. तिचा जीव टांगणीला लागला. अखेर एका संध्याकाळी बसच्या थांब्यावर तो समोर उभा राहिला.

"युरेनियम अगदी थोडं निघालं. त्याने गेलं असं दिसत नाही."

"मग का नाही फुटलं?"

"कधी कधी नाही फुटत. कारण मला माहीत नाही."

वसुंधरा रडली, चारचौघांत, पदर डोळ्यांना लावून. तो तसाच जवळ उभा राहिला.

"एका अंड्यावरून सगळं सांगता येत नाही," तो हळूच म्हणाला. "दरवर्षी बघायला हवं. मी येत जाईन…"

"नोकरीसाठी?"

"ते काम संपलं. तुमच्यासाठी."

तिने डोळे पुसले. "मला तुमची सवय झालीय," ती म्हणाली. "ती मोडू नका."

झाशीची बस आली. ती थांबवायला दोघांनीही हात दाखवला नाही.