टेपचं दुमडलेलं टोक

"हात काढा त्या गाडीवरून, वन्सं!"

वहिनीचा आवाज असा कडाडला की आत्याच्या हातातला चिमटा टेबलावर पडला... समोर कपाटाच्या सावलीत भाचीची गाडी उलटी पडलेली, तिच्यावरचं सोलर पॅनल सुटलेलं, लाल वायर लोंबकळती आणि शाळेतली स्पर्धा उद्या सकाळी दहाला! घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईनेच पोरीच्या महिनाभराच्या मेहनतीची अशी चिरफाड करावी? कुणीही हेच म्हटलं असतं, आणि वहिनी तर तोंडाचा पट्टा सोडूनच म्हणाली.

"आत्या, काय केलंस हे!" भिंगरी किंचाळली. घरभर गरगरणाऱ्या भाचीला हे नाव आत्यानेच ठेवलं होतं. मागे दारात तिचा बाप, आत्याचा धाकटा भाऊ, उभा होता. त्याची नजर बहिणीच्या मिटलेल्या मुठीवर गेली आणि चटकन भिंतीकडे वळली.

त्या मुठीत एक पेन्सिल सेल होता.

अर्ध्या तासापूर्वी आत्याने खिडकीतली गाडी उचलून कपाटाच्या सावलीत ठेवली, तर चाकं फिरतच राहिली! उन्हावर चालणारी गाडी सावलीत कशी चालेल? तिने पॅनल सोडवलं. खाली काळ्या टेपने चिकटवलेला सेल होता. पॅनलच्या दोन्ही वायरी कापून मोटर सरळ त्याला जोडलेली... आणि टेपचं टोक नीट दुमडलेलं! वडिलांच्या दुकानात तिनेच कधीकाळी भावाला शिकवलं होतं, टोक दुमडून ठेव रे, म्हणजे काढताना नखं मोडत नाहीत. या घरात ती सवय दोघांनाच होती. भिंगरी तर टेप दातांनी तोडायची.

तिने सेल काढला होता, एक वायर पुन्हा पॅनलला जोडली होती. एकच राहिली होती, एवढ्यात हा दंगा.

"ताई, हा उपद्व्याप तुला सांगितला होता कुणी?" भाऊ म्हणाला. आवाज चढलेला होता, पण नजर अजून भिंतीवरच!

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. अरे, तू बोल ना... तू एक शब्द बोल! पण तो बोलणार नव्हता. गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच त्याने फोडली तेव्हाही तो असाच भिंतीकडे बघत उभा होता आणि वडिलांचा मार तिने खाल्ला होता. वडील गेले तेव्हा शिक्षण सोडून दुकानाच्या खुर्चीत ती बसली, कॉलेजात तो गेला. हे सगळं क्षणार्धात तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिला भिंगरीचं बोलणं आठवलं. कालच ती मैत्रिणींना ऐटीत सांगत होती, "आमचे बाबा म्हणतात, हरलात तरी चालेल, लबाडी करायची नाही!" त्या कोवळ्या अभिमानाचा चुराडा कोणत्या हातांनी करायचा? आत्याने मूठ आणखी घट्ट मिटली.

"एक वायर राहिलीय, बाळा. तेवढी जोड..."

"माझी मी जोडेन! तू उद्या शाळेत येऊच नकोस!"

भिंगरीने रडत रडत सोल्डरिंगची कांडी हातात घेतली. भंगारातल्या तारांवर आत्याने शिकवलं होतं तशीच तिरपी धरली, आणि टाका पक्का बसला. पण तोवर ऊन उतरलं होतं. ट्यूबलाइटखाली गाडी तसूभरही हलेना.

"झालं समाधान?" वहिनी म्हणाली. "स्वतःला पोर नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं कौतुक बघवत नाही!"

जेवताना आत्याने मीठ मागितलं तरी कुणी पुढे केलं नाही. भाऊ ताटात मान घालून जेवत होता.

सकाळी आत्याने दुकान उघडलं, अर्ध्या तासात बंद केलं आणि शाळेच्या कुंपणाबाहेर, खांबाआड जाऊन उभी राहिली. मैदानात लख्ख ऊन होतं. गाड्या सुसाट धावत होत्या आणि विज्ञानाच्या बाई प्रत्येक गाडीबरोबर पळत पॅनलवर पुठ्ठा धरत होत्या. सावलीतही धावत राहिलेल्या दोन गाड्या त्यांनी उचलून बाजूला ठेवल्या, आणि त्या मुलांकडे सगळं मैदान हसलं. आई-वडिलांच्या रांगेत भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

भिंगरीची गाडी निघाली... हळू, जरा वाकडी, पण निघाली! बाईंनी पुठ्ठा धरला.

गाडी जागच्या जागी थांबली.

भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी पुठ्ठा काढला आणि गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागली. "ही खरी उन्हावरची!" बाई ओरडल्या. गाडीचा नंबर पाचवा आला, पण भिंगरीचं लक्ष नंबराकडे नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे कालची दुपार होती... खिडकीपासून दूर, कपाटाच्या सावलीत आत्यापुढे उलटी पडलेली गाडी आणि आत्याची ती मिटलेली मूठ!

"बाबा, आपल्या गाडीतही सेल होता?"

वहिनीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

"मी घातला होता," तो पुटपुटला. "तुझी गाडी हळू चालायची... वाटलं, तू हिरमुसशील..."

भिंगरी धावत कुंपणाशी गेली. खांबाआडची जुनी चप्पल तिने लांबूनच ओळखली होती. जाळीतून बोटं घालून तिने आत्याचा हात पकडला आणि मागोमाग आलेल्या बापाकडे वळून, डोळ्यांतलं पाणी न पुसता विचारलं, "सेल घातलात ते घातलात! पण काल आई हिला नाही नाही ते बोलत होती... मी बोलले... तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

भावाने बहिणीकडे पाहिलं. तीच ती लहानपणीची नजर... ताई, तूच सांग ना काहीतरी! वहिनीही आत्याकडेच बघत होती. आत्याच्या ओठांवर शब्द आले, सवयीने आले. जाऊ दे गं, त्याच्या लक्षात नसेल आलं... तिने ते गिळले. भावाच्या वतीने उत्तर न देण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

भावाचा चेहरा वेडावाकडा झाला.

"भ्यायलो, बाळा," तो म्हणाला. "आणि ताई सांभाळून घेईल म्हणून... नेहमीच गप्प बसत आलो."

आत्याने पर्समधून सेल काढला आणि जाळीतून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याच्याभोवती ती टोक दुमडलेली टेप अजून तशीच होती.