कालव्याच्या दोन काठांनी

"ओ मॅडम, चुकीच्या काठानं चाललाय तुम्ही!"

निशिगंधानं वर पाहिलं. मुरगूडजवळच्या संस्थानकाळातल्या त्या कालव्याकाठी रविवारी वीस जणांची पायी सहल निघाली होती. जुन्या दगडी मोरीचे फोटो काढायला ती एकटीच अलीकडं आली आणि तशीच नादात पुढं चालत राहिली. बाकीची मंडळी पलीकडच्या काठानं केव्हाच लांब गेली होती. तिथं उरला होता एकच उंच, सावळा गडी... दाट भुवयांचा.

"चुकीच्या काठानं तुम्ही चाललाय," ती म्हणाली. "सावली इकडं आहे की!"

"पूल चार किलोमीटरवर हाय. तवर एकट्याच चालणार?"

"मग या पोहत."

तो पोहत आला नाही, पण पुढंही गेला नाही. तो तिकडून, ती इकडून, मधे पाणी. नाव विश्वजित, शिरोळचा, गुरांचा डॉक्टर. बिथरलेल्या म्हशींशी हळू बोलून बोलून आवाज मऊ झालेला. निशिगंधा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्ये इतिहास शिकवायची. तिचा आवाज शेजारच्या क्लासलाही फुकटात ऐकू जायचा.

"मोठ्यानं बोला की! पेशंटांना तरी ऐकू येतं का तुमचं?"

"ते कान टवकारत्यात. तुमच्यासारखं खेकसत न्हाईत."

तिला हसू आवरेना. आणि मग, का कोण जाणे, ती बोलून गेली, "उद्या पुण्याच्या स्थळाला उत्तर द्यायचंय. मुलगा चांगला आहे. नाही म्हणायला कारणच सापडंना..."

पलीकडची पावलं थबकली. विश्वजित पाण्याकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"काय?"

तो पुन्हा पुटपुटला. कान लाल झाले होते.

"अहो, ऐकूच येत नाही!"

"न्हाई म्हणा त्याला!" तो एकदम ओरडला. "कारण... कारण मी हाय!"

उसातनं बगळ्यांचा थवा भर्रकन उडाला. निशिगंधाच्या काठाला भांगलणीला बसलेल्या बायका खुरपी घेऊन उभ्याच राहिल्या.

"आमास्नी समद्यास्नी ऐकू आलं, पोरी," त्यांतली धोंडुबाई म्हणाली. "आता तुझं बी सांग मोठ्यानं. कामं खोळंबल्यात!"

निशिगंधानं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तिनं नुसती मान हलवली आणि ओढणीत तोंड लपवलं.

"मुंडी हलीवली, पावणं!" धोंडुबाईनं वर्दी दिली.

विश्वजितची नजर अजून पाण्यातच. "उभी का आडवी?" त्यानं चाचरत विचारलं.

"उभीऽऽ!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

पुढचे दोन किलोमीटर असेच गेले. तो मधेच इकडं बघायचा. ती पटकन उसाचे तुरे बघायची. दगडी पूल आला तेव्हा दोघंही एकदमच चढले आणि बरोबर मध्यावर अडखळले. आता ओरडायची गरज नव्हती. म्हणूनच तर बोलणं अवघड झालं होतं.

"आई विचारील," अखेर तीच हळूच म्हणाली, "किती दिवसांची ओळख म्हणून..."

"मग? काय सांगणार?"

"खरं तेच. चार किलोमीटरची."