रिकामे रकाने

"बाही वर करा, मूठ आवळा," म्हणेपर्यंत तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधलासुद्धा.

"बांधा हो... पण मी पेशंट नाही. आकडेमोड करायला आलोय."

"मग या खुर्चीत कशाला बसलात?"

"दुसरी मोकळी नव्हती—"

तिने हसू दाबलं. खरं तर ती लॅबची डॉक्टर. पण रक्त काढणाऱ्या सिस्टर रजेवर, म्हणून सकाळपासून तीच सुया टोचत होती. पट्टा सोडायला उगाचच जरा वेळ लागला.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. यकृताच्या आजारासाठी पेशंटच्या अकरापर्यंत तपासण्या व्हायच्या. त्यातल्या कुठल्या तीनच केल्या तरी आजार ओळखता येईल, हे जुन्या पेशंटांच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरवर ताडून बघायचं. लॅबने त्याचं नाव ठेवलं आकडेशास्त्री. काहीतरी विचारायचं म्हणून हा सारखा तिच्या टेबलापाशी.

"हे फोनवरही विचारता येतं."

"फोनवर तुमची भुवई वर गेलेली दिसत नाही ना."

ती त्याला दटावायची, आणि तो यायला उशीर झाला की दाराकडे बघत बसायची. बघता बघता काम संपलं. आज दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या हातात अहवाल देऊन तो आपल्या गावी परतणार होता.

सकाळपासून तिला चैन नव्हतं. घरी आईने टोकलंच, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? बसून चहा तरी पी." बसणार कशी? त्याने काल दाखवलेले आकडे डोक्यातून जात नव्हते. आजार ओळखण्यात पाचवी तपासणी पहिल्या नंबरवर... आणि ती तपासणी तर लॅब आजाराची खात्री पटल्यावरच करायची! बाकीच्या पेशंटांचे त्या तपासणीचे रकाने रिकामे. रकाना रिकामा म्हणजे माणूस निरोगी, एवढंच कॉम्प्युटर शिकून बसला होता. आकडे देताना हे सांगायचं तीही विसरली होती.

आता सांगायला तर हवंच. पण सांगितलं की त्याचं जाणं रद्द— आणि तो मनात म्हणणार, बाईने काय निमित्त शोधलंय! नुसत्या विचारानेच तिचे कान तापले. लॅबमध्ये दोनदा ती त्याच्या खोलीच्या दारातून परत फिरली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो बॅगेची चेन लावत होता.

"अहवाल देऊ नका," म्हणत तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "नव्या पेशंटचा रकाना रिकामाच असणार. आजारी माणसाला आपण बरा म्हणून घरी पाठवू."

त्याचा चेहरा उतरला. त्याने आकडे उघडले, पुन्हा पुन्हा चाळले.

"खरंय. मी विचारायला हवं होतं. सगळं परत करावं लागेल." मग बॅग बाजूला सारत, "डॉक्टर... रागावणार नसाल तर एक विचारू? मी जाऊ नये असं तुम्हाला जराही वाटत नव्हतं?"

नाही म्हणून सुटता आलं असतं, पण तिला आता सुटायचं नव्हतं.

"वाटत होतं. म्हणून तर सांगायची लाज वाटत होती. चूक सापडली नसती, तर गप्प बसून तुम्हाला जाऊ दिलं असतं."

"आणि मी थांबायला कारण शोधून शोधून दमलो," तो म्हणाला. "तुम्ही आवडता, हेच कारण सांगायचा धीर होत नव्हता."

एका हाताने त्याने तिचा हात धरला, दुसऱ्याने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, अहवाल चुकलाय. चूक माझी आहे."

ती फोनकडे वाकली. "दोघांची आहे, सर."

पलीकडून जो भडिमार सुरू झाला तो काही थांबेना. तो निमूट ऐकत राहिला, पण तिचा हात सोडायचं नाव घेईना.