डाव्या सीटवरचं वजन

नियंत्रण कक्षातल्या एका जुन्या फिरत्या खुर्चीला सगळे सासूबाई म्हणत. कोणीही बसलं की ती लांब उसासा टाकायची आणि वीतभर खाली जायची. हे नाव बाळ्याने ठेवलेलं. बाळ्या म्हणजे ताईचा पाठचा भाऊ, चाचणी वैमानिक. ताई त्याच कक्षात बसून यंत्राची मोजमापं पाहायची, आणि तिने होकार दिल्याशिवाय यंत्र हलत नसे. ‘त्याला सांभाळ’ एवढंच सांगून आई गेली होती. तेव्हापासून बहीणभावाचं ठरलेलं होतं, चाकं जमिनीला टेकली की बाळ्याने रेडिओवर आधी म्हणायचं, ‘उतरलो गं ताई.’ ते ऐकेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

यंत्र नवं होतं. डोक्यावर हेलिकॉप्टरचा मोठा पंखा आणि दोन्ही बगलांना विमानासारखे पुढे ढकलणारे पंखे. वेग वाढला की वरचा मंदावायचा आणि बाजूचे काम अंगावर घ्यायचे. ना घोडा ना गाढव, म्हणून त्याचं नाव पडलं खेचर.

बाळ्या उजवीकडे बसायचा. डावी सीट रिकामी, म्हणून तोल राखायला तिथे वाळूच्या पिशव्या बांधायचे. वेगाच्या चाचण्या सुरू झाल्या तशा यंत्र हलकं करायला पिशव्या काढल्या. दोन्ही सीटखाली वजनकाटे होते, त्यांतला डावा तरीही थोडं वजन दाखवतच राहिला. ताईने सीट खोलून पाहिली, वायरी बदलल्या, स्वतः बसून पाहिलं. काटा शहाण्यासारखा वागला. पण दर उड्डाणानंतर पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा थोडं जास्त.

मुख्य डिझायनर वैतागले. पिशव्यांच्या ओझ्याने काटा बिघडला असेल, त्यापायी चाचणी अडवणं म्हणजे राईचा पर्वत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तिथे सगळे करतात तेच ताईने केलं. उरलेलं वजन म्हणजेच शून्य, असं यंत्राला सांगितलं. पडद्यावर शून्य आलं आणि तिने होकार दिला. मनातली पाल मात्र चुकचुकत राहिली.

चाचणीची सकाळ स्वच्छ होती. रीतीप्रमाणे बाळ्याचं वजन घेतलं, ते पुन्हा घटलेलं निघालं. ताईने विचारलं तर तुझ्या धाकानेच वाळलोय म्हणाला आणि हसत गेला.

खेचर उठलं. वेग चढत गेला, वरचा पंखा ठरल्याप्रमाणे मंदावला. मुख्य डिझायनर खिडकीशी दुर्बीण लावून उभे होते. ताईच्या पडद्यावर डाव्या सीटचा आकडा शून्यावरून हलला. तो वाढू लागला तसा उजवीकडचा उतरू लागला.

तिने हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

“बाळ्या, शेजारी काही आहे का?”



“ताई, मला माझाच खांदा दिसतोय. बाजूने.”

“वेग कमी कर. आत्ताच्या आत्ता.”

“कसा करू? दांडा माझ्या हातात नाहीये गं.”

मग वेग आपोआप कमी झाला. खेचर वळलं आणि इतकं अलगद उतरलं की खिडकीशी टाळ्या पडल्या.

ताई थांबली. रेडिओ गप्प होता.

उजवं दार उघडलं. बाळ्या उतरला, हात हलवत चालत आला. मुख्य डिझायनरांनी त्याची पाठ थोपटली. त्याने हेल्मेट काढलं. तोच चेहरा, हनुवटीवरची तीच जुनी खूण. ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तिला रडू यायचं बाकी होतं.

तो सासूबाईवर बसला.

खुर्चीने उसासा टाकला नाही. ती तसूभरही खाली गेली नाही.

ताईने पडद्याकडे पाहिलं. उजवी सीट रिकामी होती. डाव्या सीटवर माणसाचं वजन होतं.

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला.

“ताई, मी अजून उतरलो नाही गं.”

खुर्चीतल्याने तिच्याकडे बघून स्मित केलं, हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.